हुंकार

"काय करता तुम्ही?" या प्रश्नाला मी बरीच वर्षं "काट्याचं काम" असं उत्तर देत आलोय. पालघर-बोईसर पट्ट्यात तेवढं पुरतं. मुंबईच्या पाहुण्यांना पुरत नाही. एका लग्नात हे उत्तर ऐकून एक बाई मला टाचेचं कुरूप दाखवायला चप्पल काढू लागल्या होत्या. दुसऱ्या एका गृहस्थांनी डोळा मारून "काटा मारता होय?" असं विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले.

माझा काटा म्हणजे वजनकाटा. तारापूर एमआयडीसीत कारखान्याच्या फाटकाशी जमिनीत लोखंडी पाट बसवलेला असतो, त्यावर ट्रक एकदा भरलेला आणि एकदा रिकामा उभा करतात, तो. पाटाखाली लोडसेल, शेजारच्या खोपटात लाल आकडे दाखवणारा डबा, आणि पलीकडे ते आकडे कागदावर उतरवणारा संगणक. पाट एकाचा, लोडसेल दुसऱ्याचे, संगणक तिसऱ्याचा. डबा आणि संगणक यांच्यामधली वायर तेवढी माझी. त्या वायरीवर माझं घर चालतं.

या वायरीवरून बोलायची जी रीत आहे तिला आरएस-२३२ म्हणतात. अमेरिकेत १९६० साली ती ठरली, आणि तिचा जो 'सी' अवतार आम्ही अजून वापरतो तो १९६९चा. तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं तेही १९६९ साली. मीही १९६९चाच. तिघांत देखभाल सगळ्यांत चांगली अणुभट्टीची होते.

या रीतीत एक वाकडेपणा आहे. वायरीवर उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट असले तर त्याचा अर्थ 'एक', आणि अधिक तीन ते अधिक पंधरा असले तर 'शून्य'. इंजिनीअरिंगची पोरं हे पाठ करताना रडकुंडीला येतात. मला कधीच जड गेलं नाही. 'नको हो, आत्ताच घेतलाय' याचा अर्थ 'चहा टाका' असा ज्या घरात होतो, त्या घरात मी वाढलोय.

संगणकाच्या पाठीमागच्या नऊ पिनांपैकी दोन नंबर म्हणजे कान, तीन नंबर तोंड, पाच नंबर जमीन. दोन्ही टोकांना सारखीच जोडणी असली की दोन आणि तीन उलटवून जोडायचे. नाहीतर तोंडाला तोंड लागतं आणि कानाला कान. मग दोघंही बोलतात आणि दोघंही वाट बघतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं वायरिंग असंच आहे. धंद्यात फोनवर तक्रार आली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "टू-थ्री उलटवून बघ." बरेचसे पेशंट तेवढ्यावरच उठून बसतात.

राहिल्या उरलेल्या पिना. त्या मानपानाच्या. सात नंबरने विचारायचं, "पाठवू का?" आठ नंबरवर उत्तर यायचं, "पाठव." चार नंबर म्हणणार, "मी तयार आहे", सहा नंबरवर समोरचा म्हणणार, "मीही तयार आहे." विहिणी-विहिणींची असते तशी ही सगळी व्यवस्था. काट्याच्या कामात एवढा वेळ कुणाला आहे? आम्ही सात-आठ आपसांत जोडून टाकतो. स्वतःच विचारायचं पाठवू का, आणि स्वतःच म्हणायचं पाठव. संगणक खूश, आम्ही मोकळे. या मानपानाच्या पिनांनी पुढे माझ्यावर सूड उगवला, पण ते नंतर.

आरएस-२३२चा स्वभाव रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा आहे. किती वेगाने बोलायचं ते आधी ठरवायचं, समजा सेकंदाला ९६०० बिट, आणि मग सुटायचं. एका अक्षरामागे आठ बिट, एक सुरुवातीचा, एक शेवटचा, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. समोरचा ऐकतोय, भजी खातोय की रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर गेलाय, याच्याशी बोलणाऱ्याला कर्तव्य नाही. ऐकणाऱ्याने दुसराच वेग धरला असेल तर पडद्यावर पिशाच्चलिपी उमटते. तरी डबा बिचारा बोलतच राहतो, रात्रभर, रिकाम्या पाटाचं वजन शून्य, शून्य, शून्य.

आणि काही डब्यांना आकडे उलटे सांगायची खोड असते. एकक आधी, मग दशक, मग शतक. माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं, पण माहितीपुस्तिका अस्सल चिनी वळणाच्या इंग्रजीत असते आणि ती डब्याच्या खाली डबा सरळ बसावा म्हणून घडी करून घातलेली असते. एका कारखान्यात मी नवीन डबा जोडून दिला आणि ऐटीत चहा पिऊन निघालो. २१,३४० किलोचा भरलेला ट्रक संगणकात ४,३१२ किलोचा झाला. तोच रिकामा होऊन ८,९६० किलोवर आला, तो झाला ६,९८० किलोचा. म्हणजे ट्रक माल घेऊन आत आला आणि उणे २,६६८ किलो माल उतरवून गेला. तोंडी सांगितलं असतं तर वॉचमननेही हसून हाकलून दिलं असतं. पण पावती छापील होती. दोन दिवस ती टेबलावरून टेबलावर फिरली, तिच्यावर तीन सह्या झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी मला फोन आला तो "प्रिंटरची शाई फिकट येतेय" म्हणून.

असो. ही झाली पोटाची वायर. ज्या वायरीबद्दल लिहायला बसलो तिने एक पैसाही दिला नाही.

*

२००४च्या जुलैत माझा भाचा न्यू जर्सीहून पालघरला आला. वय सोळा. एरवी त्याची आमची भेट फोनवरच. त्याच्या फोनचा मान आजीचा, म्हणजे माझ्या आईचा. आईची फोनवर बोलायची एक पद्धत आहे: ती बोलत नाही. ती "हं" म्हणते. समोरच्याने एक वाक्य टाकायचं, हिने "हं" म्हणायचं, मग त्याने पुढचं टाकायचं. लहानपणी तिने आम्हाला गोष्टी सांगितल्या त्या याच अटीवर. हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की राजपुत्र घोड्यावर चढता चढता तसाच लटकत ठेवून ती दिवा मालवायची. आता पारडं फिरलं होतं. नातू सांगायचा आणि ती हुंकार द्यायची. एकदा लाइन मध्येच तुटली तरी बराच वेळ ती "हं... हं..." करत होती. नंतर म्हणाली, "आज फार शांतपणे बोलला हो पोर."

हा फोन सोमवारी पहाटे यायचा, तिकडच्या रविवारी संध्याकाळी. हिवाळ्यात बरोब्बर पाचला. तेव्हा आई उठलेलीच असायची. पण एप्रिल उजाडला की तोच फोन पहाटे चारला. पहाटे चारचा फोन म्हणजे कोण गेलं, अशी आमच्या पिढीची समजूत. मी अंधारात धावायचो, पलंगाच्या खुराला करंगळी ठेचायचो, आणि रिसीव्हर उचलला की पलीकडून ताजातवाना आवाज: "मामा, आज्जी उठली ना?" बहिणीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तो काहीतरी हिशोब करून लावतो बाबा, मला विचारू नकोस." आईचं मत वेगळं होतं. "उन्हाळ्यात तिकडे दिवस मोठा असतो, म्हणून लवकर करतो," ती म्हणायची. आम्ही हसायचो. पृथ्वीगोलासमोर आईला कोण उभं करणार?

तर भाचा आला, आणि त्याच्या सामानात तो कॅल्क्युलेटर होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८३ प्लस. वरवंट्याएवढा. अर्ध्या भागात पडदा, अर्ध्यात बटणं, पोटात पेन्सिल सेलपेक्षा बारीक चार सेल. समीकरण दिलं की पडद्यावर त्याचा आलेख काढायचा. असे आलेखवाले कॅल्क्युलेटर कॅसिओने पहिल्यांदा १९८५ साली काढले. आपल्याकडे ते जवळपास आलेच नाहीत. बारावीला आम्हाला लॉगटेबल होतं, आणि त्यात बोट एक ओळ खाली घसरलं की उत्तराचा डोंगर कोसळायचा. पुढे इंजिनीअरिंगला कॅसिओचा साधा सायंटिफिक. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी १९८५ सालीच बंगळुरात येऊन बसली होती, पण तिचा कॅल्क्युलेटर बोईसरपर्यंत यायला माझा भाचा लागला.

"याची किंमत काय रे?" आईने विचारलं.

"शंभर डॉलर, आज्जी."

आईने मनात पंचेचाळीसने गुणलं. पाढे तिचे पक्के. "साडेचार हजार? बेरजा करायला?" आणि तिने ते यंत्र उचलून देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवलं. आमच्या घरात साडेचार हजारांच्या वस्तूची जागा तीच.

दोन दिवसांनी पोरगा माझ्याकडे गंभीर चेहऱ्याने आला. सेल संपत आले होते. सेल बदलताना आतली स्मरणशक्ती टिकावी म्हणून एक बटनसेल असतो, तो आधीच मेला होता. म्हणजे सेल काढले की रॅममधलं सगळं पुसलं जाणार. त्यातच त्याने स्वतः लिहिलेले प्रोग्राम होते. ते संगणकात उतरवून ठेवायची वायर मिळते, पण ती तो न्यू जर्सीत टेबलाच्या खणात विसरला होता.

"मामा, तू वायरचं काम करतोस ना?"

जन्मात पहिल्यांदा माझ्या धंद्याचं कुणीतरी इतकं अचूक वर्णन केलं. मी हो म्हणून बसलो.

*

पहिली अडचण भोकाची. कॅल्क्युलेटरच्या बुडाशी वायर खुपसायचं जे भोक होतं ते अडीच मिलिमीटरचं. वॉकमनचं असतं ते साडेतीनचं. बोईसर बाजारात पहिल्या दुकानदाराने साडेतीनचा जॅक दिला. मी म्हटलं अडीचचा हवा. तो म्हणाला, "अडीच येत नाय, साडेतीन येते. अर्धा चालेल का?" दुसऱ्याने साडेतीनचाच देऊन "जरा दाबून घाला" असा सल्ला दिला. तिसरा जुना माणूस होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, अडीचकी आता कोण शिकवतो?" खरंच होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आमच्या आजोबांना ही सगळी तोंडपाठ. ते असते तर जॅक मिळाला असता असं नाही, पण दुकानदाराला अडीच म्हणजे काय ते तरी कळलं असतं.

शेवटी लॅमिंग्टन रोड. सकाळची फ्लाइंग राणी, डबल डेकर डबा. त्या गाडीत पासवाल्यांची जागा वडिलोपार्जित असते, आपण फक्त हवा अडवून उभं राहायचं. लॅमिंग्टन रोडवर अडीचचा जॅक पहिल्या दुकानात मिळाला, तोही दुकानदाराने वर न बघता दिला. एक मॅक्स-२३२ची चिप, दोन बीसी-५४७ ट्रान्झिस्टर, चार कपॅसिटर, एक ७८०५ आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेतली. एकूण खर्चापेक्षा येताना खाल्लेला वडापाव आणि चहा थोडा जास्त झाला.

चिप लागते ती अशी. संगणक बोलतो अधिक बारा-उणे बारा व्होल्टांत. कॅल्क्युलेटर नाजूक, त्याला शून्य आणि पाच एवढंच कळतं. थेट जोडलं तर साडेचार हजारांचा वरवंटा होईल, आणि भाचा आईला उत्तर द्यायला मला एकट्याला सोडून न्यू जर्सीला परत जाईल. मॅक्स-२३२ हा मधला माणूस. एका कानात मोठ्याने आलेलं दुसऱ्या कानात हळू सांगतो, आणि उलटही. फक्त एक ध्यानात ठेवायचं. तो प्रत्येक गोष्ट उलटी करून सांगतो. मधली माणसं सांगतात तशीच.

दुसरी अडचण भाषेची, आणि खरी मजा तिथे. कॅल्क्युलेटर कसा बोलतो ते हौशी पोरांनी आधीच उकलून ठेवलं होतं. सायबर कॅफेत बसून मी ती पानं छापून आणली. वाचताना माझा पहिल्या पानावर विश्वास बसेना. या यंत्राला वेगच नाही! नऊ हजार सहाशे नाही, चोवीसशे नाही, काही ठरलेलंच नाही. दोन तारा, एक लाल आणि एक पांढरी. कुणी बोलत नसलं की दोन्ही वर, पाच व्होल्टांवर. 'शून्य' सांगायचं असेल तर बोलणारा लाल तार खाली ओढतो, आणि थांबतो. ऐकणारा पांढरी तार खाली ओढतो. "हं." मग बोलणारा लाल सोडतो. मग ऐकणारा पांढरी सोडतो. झाला एक बिट. 'एक' सांगायचा असेल तर बोलणारा पांढरी ओढतो आणि ऐकणारा लाल. ऐकणाऱ्याने "हं" म्हटलं नाही तर बोलणारा पुढे सरकतच नाही. थोडा वेळ वाट बघतो आणि रागावून गप्प बसतो.

कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. आई सुके बोंबील भाजत होती. पावसाळ्यात सातपाटीच्या बोटी बंद, त्यामुळे घरात सुक्याचं राज्य, आणि भाचा नाकाला रुमाल लावून अंगणात. मी आईला सांगितलं, "आई, हे यंत्र तुझ्यासारखं बोलतं."

"हं," आई म्हणाली.

हिशोब करा. एका बिटाला चार हालचाली, एका अक्षराला आठ बिट. म्हणजे एका अक्षराला बत्तीस. घास बत्तीस वेळा चावून खावा हे आपल्याकडे ज्याने सांगितलं, त्याचा कुणीतरी नातेवाईक टेक्सासला असणार.

आणि आता मानपानाच्या पिना. या हुंकाराच्या खेळात माझा नेहमीचा कान दोन नंबर आणि तोंड तीन नंबर काहीच कामाचे नव्हते. ते फक्त घोषणा करू शकतात. तारा हाताने ओढायच्या-सोडायच्या आणि समोरच्याने ओढल्या का ते डोळ्याने बघायचं, तर लागणार चार, सात, सहा आणि आठ. 'मी तयार', 'पाठवू का', 'मीही तयार' आणि 'पाठव'. आयुष्यभर ज्यांना मी एकमेकांत गुंडाळून कोपऱ्यात बसवलं, त्या चौघींच्या पाया पडायची वेळ आली.

*

काम गाळ्यात चाललं. बोईसरच्या गाळ्यात माझा एक जुना पेंटियम होता, विंडोज ९८, आणि त्यात टर्बो सी, निळ्या पडद्याचं. त्या काळी पोर्टला थेट हात घालता यायचा. पहिल्या पोर्टचा पत्ता ३एफ८. त्यापुढे चौथं घर ३एफसी, तिथे लिहिलं की चार आणि सात नंबरच्या पिना वरखाली होतात. सहावं घर ३एफई, तिथे वाचलं की सहा आणि आठ नंबरवर काय चाललंय ते कळतं. चाळीत कुणाकडे काय शिजतंय ते बघायला जिन्यातली ठरावीक पायरी असते, तसं.

पहिल्या दिवशी वायर जोडली, भाच्याने बटण दाबलं, आणि कॅल्क्युलेटरने लगेच सांगितलं: एरर इन एक्समिट. माझा प्रोग्राम अजून सुरूही झाला नव्हता. वायर काढली, लावली, पुन्हा तेच. बाहेर धो धो पाऊस. वीज गेली. जिथून पश्चिम भारताला अणुवीज जाते, जिथे त्या वर्षी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्यांचं काम चालू होतं, तिथून हाकेच्या अंतरावर मी मेणबत्ती लावून बसलो. भाच्याला याचं फार आश्चर्य. मी त्याला म्हटलं, "गाय गोठ्यातल्या लोकांना दूध देते असं कुठे लिहिलंय?"

मेणबत्तीच्या उजेडात कारण सापडलं. प्रोग्राम चालू नसताना संगणकाच्या दोन्ही मानपानाच्या पिना उणे बारावर असतात. मधला माणूस ते उलटं करून सांगतो, दोन्ही ट्रान्झिस्टर चालू होतात आणि दोन्ही तारा एकदम खाली. कॅल्क्युलेटरच्या भाषेत दोन्ही तारा खाली म्हणजे दोघंही एकाच वेळी बोलतायत. असभ्यपणा. तो चिडायचा ते योग्यच होतं. आधी प्रोग्राम सुरू करायचा, दोन्ही तारा सोडायच्या, हात जोडून उभं राहायचं, आणि मग वायर लावायची.

दुसऱ्या दिवशी तारा हलल्या. कॅल्क्युलेटर म्हणाला, मी म्हटलं "हं". तो म्हणाला, मी "हं". आठ हं झाले आणि पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं, षोडशमान आकड्यांत: सीई. भाच्याने कागद पाहिला. पहिलं अक्षर यायला हवं होतं ७३. या यंत्राची ती सही. वायर तपासली, लाल-पांढरी उलटवून पाहिली, काहीतरी तिसरंच यायला लागलं. परत सरळ केली. पुन्हा सीई. रात्री जेवताना सीई, आंघोळीला सीई.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका कारखान्यात डबा बदलायला गेलो होतो. नवा डबा जोडला, संगणकावर वजन बघितलं, आणि सवयीने ओरडलो, "अरे, उलटं येतंय, शेवटून वाच!" आणि तसाच पाटावर उभा राहिलो. माझं वजन पाच किलोच्या पटीत लाल आकड्यांत झळकत होतं. ७३ म्हणजे ०१११००११. उलटीकडून वाचलं की ११००१११०. सीई! कॅल्क्युलेटरही एकक आधी सांगत होता. ट्रकचं वजन उणे करून दाखवणाऱ्या माणसाला हे तिसरा दिवस उजाडेपर्यंत सुचू नये, याबद्दल घरी कुणाला काही बोललो नाही.

त्या दुपारी ७३ आलं. मग पुढची रीत. तो म्हणतो माझ्याकडे अमुक नावाचा प्रोग्राम आहे. आपण म्हणायचं ५६, म्हणजे पोचलं. मग आपण म्हणायचं ०९, म्हणजे पाठव. तो पाठवतो आणि शेवटी सगळ्याची बेरीज सांगतो. आपली बेरीज जुळली तर ५६, नाही जुळली तर ५ए, म्हणजे पुन्हा सांग. भाजीवाली शेवटी "किती झाले? तुमचे किती?" असं विचारते, अगदी तसं. सगळं संपलं की तो म्हणतो ९२. झालं. आपण पुन्हा एकदा "हं" म्हणायचं आणि मग उठायचं. नुसतं "येतो" म्हणून कोण जातं?

*

प्रोग्राम संगणकात आला. मी तो पडद्यावर उघडला आणि पिशाच्चलिपी बघून माझ्या पोटात गोळा आला. भाचा मात्र शांत. या यंत्रात 'डिस्प्ले', 'इनपुट', 'इफ' असले शब्द अक्षरांनी साठवत नाहीत, प्रत्येक शब्दाला एकच खूण. संगणकाला त्या खुणा कळत नाहीत, तो आपला त्या जागी ठोकळे आणि रेघा काढत होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह, कारण कॅल्क्युलेटरची नवी ओळ म्हणजे संगणकाचं प्रश्नचिन्ह. आकडे आणि मोठी रोमन अक्षरं मात्र दोघांची सारखी. तीच काय ती ठोकळ्यांच्या मधून डोकावत होती.

एके ठिकाणी लिहिलं होतं: मोठा एच, बारका पी, मग १०:५, आणि पुढे पत्त्यांतली चौकटची खूण. एमआयडीसीत राहिलेल्या माणसाला एचपी म्हटलं की एकच दिसतं. "ही कसली मोटर रे, साडेदहा हॉर्सपॉवरची?" मी विचारलं.

"मामा, ते प्लस आहे," भाचा म्हणाला. बारका पी म्हणजे अधिक. दोन ठिपके म्हणजे दशांश चिन्ह. चौकट म्हणजे 'यात ठेव'. एच मध्ये साडेदहा मिळव आणि परत एच मध्ये ठेव.

खाली दोन ओळी होत्या, रोमन अक्षरांत पण मराठी. 'आजी झोपली'. 'आजी जागी'.

पोराने एक घड्याळ लिहिलं होतं. तिकडचे वाजलेले टाकायचे, त्यात साडेदहा मिळवायचे, चोवीसच्या वर गेले तर चोवीस वजा करायचे. पाचच्या आत आले तर आजी झोपली. पाच वाजले की आजी जागी. रविवारी संध्याकाळी हा माणूस कॅल्क्युलेटर घेऊन बसायचा आणि 'आजी जागी' दिसलं की त्याच मिनिटाला फोन लावायचा. साडेसहाला. अठरा पूर्णांक पाच अधिक दहा पूर्णांक पाच, एकोणतीस, वजा चोवीस, पाच.

मी पुन्हा एकदा बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. चूक साडेदहात होती. तेव्हा, म्हणजे २००६पर्यंत, एप्रिलमध्ये तिकडे घड्याळं तासभर पुढे करायचे, आणि ऑक्टोबरअखेर परत मागे. उन्हाळ्यात अंतर साडेदहा नसतंच, साडेनऊ असतं. न्यू जर्सीत साडेसहा वाजतात तेव्हा पालघरात चार वाजलेले असतात. माझ्या करंगळीचा गुन्हेगार सापडला.

"ओह," भाचा म्हणाला. कानापर्यंत लाल झाला. म्हणजे दोन उन्हाळे आपण आजीला मध्यरात्री उठवत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी घरी येऊन मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिकडे उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, उजेड वाया जाऊ नये म्हणून घड्याळ पुढे करतात, त्यामुळे फोन लवकर येतो. आईने शांतपणे शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दर वाक्याला हुंकार देत. मग म्हणाली, "मी दुसरं काय म्हणत होते?"

भाच्याने नव्या सेलवर प्रोग्राम परत कॅल्क्युलेटरमध्ये चढवायचा, साडेदहाच्या जागी उन्हाळ्यात साडेनऊ धरायची एक ओळ घालायची, असं ठरवलं होतं. आई ते ऐकून एकदम म्हणाली, "नको रे बाबा. चारलाच करत जा. पावणेचारला जाग येते मला आता, मग तासभर काय करू?"

प्रोग्राम आला तसाच परत गेला, चुकीसकट. चढवताना हुंकार द्यायचं काम कॅल्क्युलेटरचं होतं, आणि त्याने एकही चुकवला नाही. वायर अजून माझ्या खणात आहे.

२००५च्या ४ एप्रिलला, सोमवारी, पहाटे चारला फोन वाजला. मी उठलो नाही. बाहेरच्या खोलीत बांगड्या वाजल्या, रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला, आणि मग थोड्या थोड्या अंतराने, हं. हं. हं.